मदत हवी आहे: फारसीतला 'रा' नक्की कधी लावायचा?

नमस्कार मंडळी, फारसी शिकतेय, क्रियापद शेवटी येतं म्हणून वाक्यरचना आपलीच वाटते पण हा कर्माला लागणारा 'रा' काही केल्या डोक्यात शिरत नाहीये. म्हणजे 'केताब खरीदम' म्हणजे पुस्तक घेतलं, कुठलंही, आणि 'केताब रा खरीदम' म्हणजे ते ठरावीक पुस्तक घेतलं, इथपर्यंत ठीक. आपला 'ला' कसा माणसांना लागतो (मुलाला पाहिलं पण पुस्तक पाहिलं), तसं तिथे नाही, निर्जीव असलं तरी ठरावीक असेल तर रा येतोच, हेही कळलं.

गाडी अडते ती 'केताबी रा के खरीदम, गोम कर्दम' इथे, म्हणजे मी घेतलेलं पुस्तक हरवून टाकलं. अहो पण हा 'ई' तर 'कुठलंतरी एक' वाला ना? मग त्याच्यापुढे रा कसा काय? की 'के'च्या, म्हणजे आपल्या 'जे'च्या, आधीचा ई वेगळाच असतो? आणि शेवटी 'गोम शोद' (हरवलं) असेल तर पुस्तकच कर्ता होतं, मग रा काढायचा का? तेहरानच्या बोलण्यात तर त्याचं नुसतं 'ओ' होतं, 'केताबो', ऐकताना पत्ताच लागत नाही.

कुणी फारसी केली असेल तर दोन-चार उदाहरणं देऊन सांगा प्लीज. नियमांची पीडीएफ नको, ती आहे माझ्याकडे.