मदत हवी आहे : स्वमग्न भावासाठी, वय २७

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. धाकटा भाऊ स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिझम. वावरात कापूस वेचताना एक बोंड सोडत नाही, पण बाजाराच्या गलक्यात कान झाकून खाली बसतो. अठरानंतर शाळा संपली अन् सगळंच थांबलं. दिव्यांग प्रमाणपत्रावर नुसतं ‘मतिमंद’ लिहून दिलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम वेगळा नोंदवलाय, मग मोठ्या माणसाची नीट तपासणी विदर्भात कुठे होते?

आई-बाबा आता थकलेत. ऑटिझम, मतिमंदत्व अशांसाठी असलेल्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व कोणी मिळवलंय का? कागदपत्रं कोणती लागली?

तालुक्याला प्रौढांसाठी कामाचं केंद्र मागायचंय. अशी घरं सोबत असतील तर कळवा, निवेदन मी लिहितो.