आग्नेय आशियात योद्धे चिलखत घालायचे का?

रानभैरी: फिलिपाइन्स, बोर्निओ, सुमात्रा इकडच्या जुन्या लढायांची चित्रं बघतोय, बहुतेक माणसं उघडीच, हातात ढाल नि भाला, बस. चिलखत नव्हतंच का तिकडे? की उकाड्यामुळे कुणी घालत नव्हतं? क्रिस खंजिरावर ढीगभर वाचायला मिळतं पण अंगावर काय असायचं ते कुणी लिहीतच नाही.

जुनंलोखंड: होतं की! मोरो लोकांचं बघ, म्हणजे दक्षिण फिलिपाइन्समधल्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरचे मुसलमान. म्हशीच्या शिंगाच्या नाहीतर पितळेच्या चौकोनी पट्ट्या, त्या पितळी कड्यांनी एकमेकींत अडकवलेल्या, पुढून उघडणारं जाकीटच म्हणा ना, आणि सरदार पैसेवाला असेल तर छातीवर चांदीचे हूक. टोप चक्क स्पॅनिश शिपायांच्या टोपाची नक्कल, ज्यांच्याशी पिढ्यानपिढ्या लढले त्यांचाच उचलला, हे मला जाम आवडतं. कड्या मात्र रिव्हेट मारलेल्या नसतात, नुसती टोकं जुळवलेली, त्यामुळे तलवारीचा वार अडेल पण जोरात भोसकलं तर कठीणच.

तांबडीमाती: मोरोंवरच सगळे थांबतात राव, कारण अमेरिकन लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती चिलखतं पोत्याने घरी नेली आणि म्युझियमं भरली. विसायन लोकांचं, म्हणजे मध्य फिलिपाइन्सच्या बेटांवरच्यांचं, 'बारोते' चिलखत बघ, अबाकाच्या (केळीसारख्या झाडाच्या धाग्याच्या) नाहीतर सालीच्या जाड दोरांचं विणलेलं, गाठी अशा मारायच्या की एका जागी कापलं गेलं तरी पुढे उसवत नाही. बोर्निओत दयाक लोक बकऱ्याचं, अस्वलाचं किंवा बिबट्याचं कातडं घालायचे, डोकं जाईल एवढं भोक, मागचा भाग लांब, त्यावर धनेशाची पिसं. फुंकणीच्या विषारी बाणाला तेवढं पुष्कळ झालं.

रानभैरी: अच्छा, म्हणजे उकाड्याची थिअरी बाद?

तांबडीमाती: पूर्ण बाद नाही पण तेवढ्यावर भागत नाही. सुमात्राजवळचं नियास बेट विषुववृत्तापासून जेमतेम एक अंशावर, आणि तिथले लोक लोखंडी पत्र्याचं जाकीट घालून लढायचे, खांदे पंखांसारखे बाहेर काढलेले. गळ्यात नारळाच्या करवंटीच्या चकत्यांचं कडं, ते मिळायचं शत्रूचं डोकं आणणाऱ्याला.

जुनंलोखंड: आणि चिलखत असलं म्हणजे वाचलाच असंही नाही. २७ एप्रिल १५२१, फिलिपाइन्समधलं माक्तान बेट, स्पेनसाठी निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन. त्याच्यासोबतचा, सफरीची हकीकत लिहिणारा पिगाफेट्टा लिहितो की ४९ जण मांडीभर पाण्यात उतरले, समोर दीड हजारावर लोक. आकडा फुगवलेला असेल, हरलेल्यांचा असतोच, पण पुढचं महत्त्वाचं. बेटावरच्यांनी ओळखलं की यांचं धड झाकलंय, पाय उघडे आहेत, मग सगळा मारा पायांवर. मॅगेलनच्या पायात विषारी बाण घुसला आणि नंतर तो तिथेच मेला.

रानभैरी: पायांचं डोक्यातच नव्हतं आलं. मोरो चिलखताचे चांगले फोटो कुठे मिळतील?

जुनंलोखंड: न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियमच्या साइटवर शोध, झूम करून कड्या बघ.