वाई परिसरात जागेवर बसून जलरंग करायचेत, विषय कुठे शोधू?

ओला_कागद:
डिसेंबरात वाईला जातेय. आजवर बहुतेक फोटो बघूनच रंगवलंय, आता उघड्यावर बसायचंय. धास्ती एवढीच की हल्ली गावात शिरलं की स्लॅबची घरं, निळे पत्रे आणि डिश अँटेना दिसतात. मग काढायचं काय? आणि लोक हरकत घेतात का?

कृष्णाकाठ:
मेणवली! वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. त्या पायऱ्यांचं वळण भल्याभल्यांना चकवतं, त्यामुळे आधी पेन्सिलीनं नीट बांधून घ्या. वाईतलं ढोल्या गणपतीचं मंदिर (१७६२ सालचं) नदीपलीकडून छान दिसतं. उन्हं चढायच्या आत बसा, दुपारी सावल्याच उरत नाहीत.

खळ्यातला:
मेणवली एकदा कराच, पण घाट तर सगळेच करतात. ताई, तुम्ही 'चित्रासारखं' काहीतरी शोधताय, तिथेच अडतंय. उजेड शोधा. गोठ्याच्या दारातला काळोख आणि बाहेर उन्हात टाकलेला कडबा, एवढ्यावर क्वार्टर शीट (पूर्ण कागदाचा पाव भाग) भरते. कार्डाला चौकोनी खिडकी कापून त्यातून बघत गल्ली फिरा आणि काडेपेटीएवढी तीन-चार कच्ची रेखाटनं करा, नुसत्या छायाप्रकाशाची. त्यातलं जे लांबूनही कळेल ते रंगवायचं.

निळ्या पत्र्याला भिऊ नका. शेजारी उसाचा पिवळट हिरवा आणि मातीचा तांबूस असला की तो चांगला बोलतो. खटकलाच तर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) घालून राखाडीकडे न्या. अँटेना गाळा की, तुम्ही चित्रकार आहात, तलाठी नाही.

आणि रोज नवं गाव नको. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ, रंकाळा या तलावांचेच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. एकाच पाराजवळ सकाळी आणि संध्याकाळी बसून बघा, दोन वेगळी चित्रं होतात.

पारावरची:
हरकत क्वचितच. कुणाच्या अंगणासमोर बसणार असाल तर "मावशी, इथं बसून चित्र काढू का?" एवढं विचारलं की बसायला पाट येतो, मागून चहा. घाटावर बायका धुणं धूत असतील तर मात्र न विचारता फोटो काढू नका. पोरं गराडा घालणारच. त्यांना एक कोरा कागद आणि पेन्सिल द्या, तेवढ्यात तुमचं आकाश रंगवून होतं.

सामान कमी ठेवा: ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, तीन ब्रश, घडीचं स्टूल, टोपी. छत्री नेलीत तर काळी न्या, रंगीत छत्रीखाली कागदावरचे रंग खोटे दिसतात.

ओला_कागद:
पत्र्याचं पटलं. त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात ना? तिथे बसू देतील?

खळ्यातला:
देतात, पण काहिलीपासून (रस उकळायच्या मोठ्या कढईपासून) लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा, नाहीतर राख थेट ओल्या वॉशमध्ये (रंगाच्या पातळ थरात). विषय म्हणाल तर लूट आहे: चिपाडांचे ढीग, चुलवणाचा जाळ, धुरातून तिरपं येणारं ऊन. धुराची जागा कोरी सोडा, नंतर पांढरा रंग लावून तो धूर येत नाही. आणि काकवीसाठी रिकामी बाटली न्या.