काळ्या सालीचं डी-टू व्हॅक्यूमला टाकलं, वरून मऊ निघालं

पऱ्हाटीवाला (वर्धा जिल्हा):
भाऊ, मी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) श्रेडरचे पाते बनवतो. डी-टू टूल स्टीलची 12 मिमी पट्टी आणली, धारेकडून ग्राइंडिंग केली, बाकी गरम रोलिंगची काळी साल (ऑक्साईडचा थर) तशीच ठेवली. पावसाळाभर टिनाच्या शेडात पडून होती, तं थोडा गंजही धरला. नागपूरला 24 पाते व्हॅक्यूम हार्डनिंगला (हवा काढलेल्या भट्टीत तापवून कडक करायला) पाठवले. धारेवर 59 एचआरसी (कडकपणाचं माप) आलं, पण सालीच्या बाजूनं मऊच, कानस चालते लेकाची! रंगही ठिगळ-ठिगळ. भट्टीवाला म्हणते, असा माल पुन्हा घेत नाही. आता सांगा, व्हॅक्यूममधे हवाच नाही तं हे झालं काऊन?

भट्टीवरचा:
हवा आम्ही काढली, ऑक्सिजन तुम्ही सोबत पाठवला. साल म्हणजे लोखंडाला धरून बसलेला ऑक्सिजनच. डी-टूत कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. हजार अंशांकडे जाताना तो सालीतला ऑक्सिजन ओढून घेतो, दोघांचा कार्बन मोनॉक्साईड होतो आणि पंप तो बाहेर फेकत राहतो. वायू साचतच नाही, म्हणून काम थांबतही नाही. साल जाते, पण जाताना पोलादाचा कार्बन घेऊन जाते. कार्बन गेला की कितीही पाणी पाजा, तो थर कडक होत नाही.

गंजाचं दुखणं वेगळं. त्यात पाणी असतं, तापलं की वाफ. भट्टीतला दाब दाखवणारा गेज चढतो, आम्ही तापमान रोखून बसतो. त्याच चार्जमध्ये (भट्टीच्या एका खेपेत) शेजारी कुणाची चकचकीत डाय असली तर तिच्यावर झाक येते आणि शिव्या आम्ही खातो. तुमच्या भट्टीवाल्याचा राग मला तरी कळतो.

टूलरूम, अकोला:
ॲसिडमध्ये बुडवून साल काढली असती तर?

भट्टीवरचा:
साल निघेल, खालचा थर राहील. पट्टी गरम रोल होतानाच सालीखालचा कार्बन उडालेला असतो. सगळ्या बाजूंनी मशीनिंग करूनच पाठवा, तेल पुसून, कोरडं. आणि जस्ताच्या तारेनं बांधू नका. जस्त भट्टीत उडतं आणि थंड भागावर जाऊन बसतं.

पऱ्हाटीवाला:
एका पात्याची साल-बाजू पाऊण मिमी घासून पाहिली. आता कानस घसरते. 23 राहिले.
तार जस्ताचीच होती बापा. ते त्याले अजून सांगतलं नाही.