कोडिंग येत असताना सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग वेगळं का शिकायचं?

प्रश्न
पायथॉनमध्ये दोनेकशे ओळींचे प्रोग्राम लिहिता येतात, नीट चालतातही. आता अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आलंय आणि पुस्तकात नुसत्या व्याख्या नि आकृत्या दिसतात. कोड चालतोय म्हटल्यावर यात नवं काय? सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
दोनशे ओळी एका डोक्यात मावतात. पन्नास हजार मावत नाहीत, त्यातून त्यांवर पाच जण काम करत असतील तर मुळीच नाही. १९६८ साली जर्मनीत गार्मिशला नाटोने परिषद भरवली ती याच अडचणीपायी, आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तिथूनच रूढ झालं.

‘कोड चालतोय’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठे चालतोय, काय गृहीत धरून? एरियान ५ रॉकेट ४ जून १९९६ला पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. रॉकेटची दिशा नि हालचाल मोजणाऱ्या यंत्रणेत आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला जात होता. त्याची कमाल मर्यादा ३२,७६७. हाच कोड एरियान ४वर बिनतक्रार चालत होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही बंद पडली. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा आधी जमिनीवर तपासलीच नव्हती.

प्रतिसाद २
सुरुवात तुमच्याच एका जुन्या प्रोग्रामपासून करा. तो गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन) टाका आणि एका कमिटमध्ये, म्हणजे तिथल्या एका नोंदीत, एकच बदल ठेवा; दहा बदल एकत्र असले की बिघाड कोणत्या बदलाने झाला ते शोधताना जीव जातो.

मग प्रोग्रामने काय करायचं ते मोजता येईल असं लिहा. ‘शोध वेगवान हवा’ हे कोणालाच तपासता येत नाही. ‘एक लाख नोंदींत २ सेकंदांच्या आत उत्तर’ हे येतं.

टेस्ट लिहिताना सीमेवर लक्ष द्या. प्रोग्रामला १ ते १०० हेच आकडे चालत असतील तर ०, १, १००, १०१, रिकामी जागा आणि आकड्याऐवजी अक्षरं, एवढं तरी हवंच. बग सापडला की आधी तो पकडणारी टेस्ट लिहा, ती नापास होते हे डोळ्यांनी पाहा, मगच दुरुस्ती. टेस्ट काढून टाकू नका. पुढच्या बदलात तोच बग परत डोकावतो तेव्हा तीच पकडते.

प्रतिसाद ३
वरच्या सगळ्याला दुजोरा, पण सुट्या भागांच्या टेस्ट पुरत नाहीत. खरी गडबड दोन भागांच्या सांध्यात होते. १९९९ साली नासाचं मंगळयान मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच कारणाने गमावलं: एक सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदात देत होतं, दुसरं ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होतं. फरक ४.४५ पटींचा! म्हणून एकक व्हेरिएबलच्या नावातच लिहा: नुसतं ‘वेळ’ नको, ‘वेळ_सेकंद’ लिहा.