तुटक रेषेमागची कड : शाळेत टेक्निकल ड्रॉइंग शिकलात का?

आठवी ते दहावी मी टेक्निकलला, म्हणजे शाळेतल्या तांत्रिक विषयाला होतो. आठवड्यातले काही तास आम्ही आपली शाळा सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या टेक्निकल सेंटरला चालत जायचो. काखेत टी-स्क्वेअर, म्हणजे आडव्या रेषा मारायची टी-आकाराची पट्टी, हातात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर. पहिले तीन महिने नुसत्या रेषा. उभ्या, आडव्या, ३० अंशांच्या, ४५ अंशांच्या. मग लेटरिंग. मग एके दिवशी फळ्यावर तीन चित्रं आली : समोरून, वरून, बाजूने. सरांनी विचारलं, "ही वस्तू कशी दिसते?" मला तीन सपाट चौकोन दिसत होते आणि त्यांपैकी एकात तुटक रेषा. ती तुटक रेष म्हणजे मागे लपलेली कड, हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात घरी जेवताना अचानक ती वस्तू डोळ्यांसमोर फिरली, खाचेसकट. हातातला घास तसाच राहिला होता.

तो क्षण मला अजून लख्ख आठवतो, म्हणून हा धागा. तांत्रिक शाळेत, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत, आयटीआयत किंवा परदेशातल्या हायस्कूलमध्ये, जिथे कुठे तुम्ही हे शिकलात तिथलं लिहा. तुम्हाला ते पहिल्यांदा कधी "दिसलं"? आणि पुढे त्याचं काय झालं?

कराडहून

१९८८ ला आठवीत टेक्निकल घेतलं. साठ मुलांत आम्ही दोघी मुली. फॉर्म भरताना एका बाईंनी दोनदा विचारलं, "गृहशास्त्र का नाही घेत?" माझ्या आईने उत्तर दिलं, "तिला रेषा सरळ येतात." तेवढंच, पुढे वाद नाही.

वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा जॉब मिळायचा, त्याआधी त्याचं ड्रॉइंग काढावं लागे. आपणच काढलेल्या चित्रावरून आपणच लोखंड घासायचं. माझ्या चित्रात एक माप राहून गेलं होतं, व्ही-खाचेची खोली. घासायला बसले तेव्हा कळलं की आता विचारायचं कुणाला? चित्र माझंच. त्या दिवसापासून माप सोडलं नाही.

पुढे आयटीआयला आरेखक स्थापत्य, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायचं शिक्षण, केलं आणि पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले. हल्लीच्या मुलांना अनुरेखक शब्द माहीत नसेल. मूळ पेन्सिलच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरून शाईने तो पुन्हा काढायचा, मग त्यावरून अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाच्या प्रती, निघायच्या. त्या खोलीत डोळ्यांना पाणी यायचं. शाईची रेष चुकली तर अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, इतकी हलकी की कागदाचा पापुद्रा निघू नये, आणि खरवडलेल्या जागी नखाने घोटून पुन्हा शाई. कालव्याचे छेद मी शेकड्याने काढलेत. १९९९ च्या सुमारास कॉम्प्युटर आले, आमच्या टेबलांवरचे बोर्ड एकेक करून भिंतीला टेकले. मी ऑटोकॅड शिकले, चांगलं शिकले. पण कालव्याच्या कडेने बस जाते तेव्हा मला अजून त्याचा छेदच दिसतो, भराव किती, खोदाई किती, अस्तर कुठवर.

भोसरी, पुणे

माझा अनुभव नुकसानीचा आहे, तरी लिहितो. शाळेत प्रथम कोन प्रक्षेपण, म्हणजे वस्तूची दृश्यं कागदावर मांडायची एक पद्धत, शिकलो. त्यात वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे जातं. ते इतकं अंगात भिनलं होतं की याशिवाय दुसरी पद्धत असेल असं मनात येत नव्हतं. मिलिंग मशीनवर, धातू कापायच्या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी अमेरिकेतल्या ग्राहकाचं ड्रॉइंग आलं. तिकडे तृतीय कोन. डावी बाजू डावीकडेच, वरचं वरतीच. मी माझ्या सवयीने वाचलं. बारा नग, बाराही नगांत खाच उलट्या बाजूला. आरशात पाहिल्यासारखे.

कोपऱ्यात ते छोटं चिन्ह होतं, कापलेल्या शंकूचं, दोन वर्तुळं आणि एक निमुळता चौकोन. पद्धत कोणती ते सांगण्यासाठीच असतं ते. शाळेत ते कुणी दाखवलं नव्हतं, किंवा दाखवलं असेल आणि माझं लक्ष नसेल. आता माझ्या हाताखाली नवीन मुलगा आला की ड्रॉइंग हातात देऊन पहिला प्रश्न हाच : शंकू कुठे आहे? माप नंतर, मटेरियल नंतर, आधी शंकू.

निवृत्त निदेशक, अमरावती

भोसरीच्या भाऊंनी लिहिलंय त्यावर थोडं. मी ३१ वर्षं शिकवलं. प्रथम कोन समजवायला मी पुस्तक उघडत नसे, वर्गाचा कोपरा वापरत असे. भिंत म्हणजे व्हीपी (उभं प्रतल), जमीन म्हणजे एचपी (आडवं प्रतल), दोघींचा सांधा म्हणजे एक्स-वाय रेषा. कोपऱ्यासमोर स्टूल ठेवायचं. समोरून पाहिलं की स्टुलाची छाया जणू मागच्या भिंतीवर पडते, वरून पाहिलं की जमिनीवर. आता जमीन बिजागरीवर असल्यासारखी खाली झुलवा, भिंतीच्या रेषेत आणा. वरचं चित्र आपोआप खाली आलं ना? मुलांनी स्वतः पुठ्ठा दुमडून हे केलं की पुन्हा विसरत नाहीत. आपल्याकडे शाळा-कॉलेजांसाठी भारतीय मानक ब्यूरोचं ड्रॉइंगच्या नियमांचं पुस्तक, एसपी ४६, आहे, पहिल्यांदा १९८८ ला आलेलं, त्यातही आपली पद्धत प्रथम कोनाचीच. पण तृतीय कोन एक तास तरी शिकवायलाच हवा, भाऊंच्या बारा नगांसाठी.

आणि साबण. कपडे धुण्याच्या साबणाची वडी सुरीने छान कापता येते. प्रत्येकाला अर्धी वडी द्यायचो आणि फळ्यावर तीन दृश्यं. कापून दाखवा. ज्याला कागदावर दिसत नाही त्याला हातात दिसतं. वड्या मी किराणा दुकानातून आणायचो, आणि मुलं नंतर त्या घरी न्यायची.

सोलापूरहून

आमची पत्र्याची कामं. वडील नरसाळी, डबे, कोठ्यांची झाकणं करायचे. नरसाळ्याचा फर्मा त्यांच्याकडे जुन्या पत्र्यातून कापलेला होता, आजोबांच्या वेळचा, आणि ठरावीक तीन आकारांचाच. एकदा रॉकेलवाल्याने वेगळं माप मागितलं : तोंड १४ सेंटिमीटर, खालची नळी २ सेंटिमीटर. वडील कागद गुंडाळून गुंडाळून बघत होते. मी नववीत होतो, आमचं नुकतंच पृष्ठभाग उलगडणं झालं होतं, शंकू उलगडला की वर्तुळाचा तुकडा मिळतो ते.

मी तिरकस उंची २१ धरली. तोंडाची त्रिज्या ७. सातला एकवीसने भागून ३६० ने गुणलं की १२० अंश. नळीची त्रिज्या १, म्हणून आतला कंस ३ सेंटिमीटरचा. दोन कंस, दोन रेषा, कडेला मोडणीसाठी थोडी जास्त पट्टी. कागद कापून वडिलांच्या हातात दिला. त्यांनी गुंडाळला. कडा एकमेकींवर बरोबर बसल्या. ते काही बोलले नाहीत. कागद पत्र्यावर ठेवला आणि खिळ्याने आखायला लागले. मग दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला दुकानात बसवून विचारलं की ते १२० आलं कसं. ते चौथीपर्यंत शिकलेले. एका रविवारी त्यांना कंपास धरायला शिकवला, आणि त्यांनी मला सांगितलं की तुझ्या हिशेबात पत्र्याची जाडी नाही, जाड पत्रा घेतलास तर तोंड कमी भरेल. तेही खरंच होतं. पुढे डिप्लोमाला गेल्यावर तीच गोष्ट वर्गात शिकवली गेली.

वडील गेले. त्यांनी आखलेला १२० अंशांचा फर्मा दुकानात खिळ्यावर आहे.

जव्हार तालुका

टेक्निकल वगैरे आमच्याकडे नव्हतं. जिल्हा परिषदेची शाळा, नंतर आश्रमशाळा. पण चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. स्मरणचित्र, संकल्पचित्र मला आवडायचं, भूमितीच्या पेपरची भीती. इंटरमिजिएटला तर घनभूमितीही. सरळ उभा शंकू, तिरका ठेवलेला षटकोनी लोलक, त्यांचं प्लॅन (वरून दिसणारं) आणि एलेव्हेशन (समोरून दिसणारं). टी-स्क्वेअर शाळेत एकच होता. आम्ही जण अकरा. सरांनी सुताराकडून सागाच्या पट्ट्या करून घेतल्या, बोर्डाऐवजी बाकाचीच कड वापरली. दोन पेन्सिली लागतात हे त्यांनी सांगितलं : बांधणीच्या रेषेला २एच, शेवटच्या रेषेला एचबी. बांधणीची रेष इतकी फिकी की मास्तरांना दिसावी, लांबून दिसू नये. बी ग्रेड मिळाली. आज मी अंगणवाड्यांच्या भिंतींवर वारली चित्रं काढते आणि भिंतीवर सुरुवातीला खडूने जी आखणी करते ती सरांचीच.

नाव नको

मी शाळेत हे काही शिकलो नाही आणि ते खुपतं, म्हणून लिहितोय. बारावी सायन्सनंतर थेट इंजिनीअरिंग. पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीट्स. शेजारचा टेक्निकलवाला पंधरा मिनिटांत आयसोमेट्रिक, म्हणजे तीन बाजू एकत्र दाखवणारं चित्र, उभं करायचा आणि मला इलिप्स कुठून सुरू करायची तेही कळत नव्हतं. होस्टेलवर सगळे करायचे तेच केलं, जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली बल्ब, खाली दुसऱ्याची शीट आणि वर आपली. सगळ्या शीट्स अशाच गेल्या. पास झालो. आणि नोकरीत पहिल्या असेंब्ली ड्रॉइंगसमोर, म्हणजे सगळे भाग जोडून दाखवणाऱ्या चित्रासमोर, बसलो तेव्हा आत काहीच नव्हतं. ३४ व्या वर्षी एका आयटीआयच्या निदेशकांकडे संध्याकाळी शिकायला गेलो, त्यांनी पैसे घेतले नाहीत. आज मुलीला तेच घरी शिकवतोय. काच ज्यांनी वापरली त्यांनी, वय कितीही असो, एकदा परत सुरुवातीपासून करा, एवढंच कळकळीने सांगेन.

मिशिगन

इथे मुलगी नववीत ड्राफ्टिंग घेते. पहिल्या आठवड्यात पेन्सिल, नंतर थेट कॅड. ती आधी घन वस्तू बनवते आणि तीन दृश्यं कॉम्प्युटर काढून देतो. माझ्या वेळचा क्रम बरोबर उलटा : आम्ही दृश्यांवरून वस्तू शोधायचो. मला काळजी होती की तिला "दिसण्याची" वेळच येणार नाही. पण तिच्या शिक्षिकेचा एक नियम आहे, माउस हातात घेण्याआधी हाताने स्केच, मापांसकट. त्या स्केचवर सही झाली की मगच कॉम्प्युटर. नाशिकला माझ्या बाबांना तिने तिची शीट व्हिडिओवर दाखवली, तर ते म्हणाले वरचं चित्र वर कसं गं? मग तिने त्यांना इथली पद्धत समजावली. बाबा एचएएलला, विमान कारखान्यात होते, त्यांना माहीत नसेल असं नाही, पण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

धागाकर्ता

सोलापूरकर, तुमचं वाचून मी वही काढून १२० अंश स्वतः आखला. कराडच्या ताई, शाईच्या कामाबद्दल अजून लिहा, कुणीतरी हे लिहून ठेवायलाच हवं. निदेशक सर, एखादं कोडं द्या ना, तुमच्या वर्गातलं.

निवृत्त निदेशक, अमरावती

देतो. एकच ठोकळा. समोरून पाहिला तर बाह्यरेषा चौकोन, वरून पाहिला तर वर्तुळ, बाजूने पाहिला तर त्रिकोण. कसा असेल? कागदावर नको, हातात करा.

जव्हार तालुका

सर, गाजरावर केलं. जितकं जाड तितकंच उंच कापलं. वरच्या टोकावर मधोमध एक आडवी रेष धरली आणि तिथून दोन्हीकडे तिरकं, खालच्या कडेपर्यंत उतरवलं. वरून वर्तुळ, बाजूने त्रिकोण, समोरून चौकोन. बरोबर?

निवृत्त निदेशक, अमरावती

बरोबर. आता ड्रॉइंग काढा. वरच्या दृश्यात नुसतं वर्तुळ काढलंत तर अर्धे गुण, ती वरची धार वर्तुळाच्या मधून अखंड रेषेने दिसली पाहिजे. आणि समोरच्या चौकोनात आत एक वक्र रेष येते. ती कुठून निघते, कुठे टेकते?

जव्हार तालुका

गाजर समोर ठेवलंय सर. वरच्या दोन कोपऱ्यांतून निघते आणि खाली मधोमध टेकते. अर्धी इलिप्स. आता पेन्सिल घेते.