ड्रायसूटचा मानेचा सील पुण्यात घरच्या घरी बदलता येईल का?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये लडाखमधल्या झंस्कर नदीवर कयाकिंगला जायचं ठरतंय. कोलाडला कुंडलिकेवर साधा रॅश गार्ड (अंगाला चिकटून बसणारा पातळ टी-शर्ट) पुरतो, पण झंस्करचं पाणी वितळलेल्या बर्फाचं. तिथे ड्रायसूटशिवाय, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या अंगभर सूटशिवाय, उतरायची माझी तयारी नाही.

ओळखीतून एक वापरलेला सूट मिळालाय. गोअर-टेक्सचं जलरोधक कापड उत्तम आहे, मानेचा लॅटेक्स सील (पाणी आत शिरू नये म्हणून गळ्याला घट्ट बसणारी रबरी कॉलर) मात्र कामातून गेलाय. हात लावला की बोटांना चिकटतो, ताणला तर ढिलाच राहतो, आणि कानाखाली येतो त्या जागी नखाएवढी चीर आहे. ऊन, ओझोन, तेल, सनस्क्रीन, लॅटेक्सला यातलं काहीच सोसत नाही. मनगटाचे सील अजून घट्ट आहेत.

बाकी कुठे गळतंय का तेही पाहिलं. एका मनगटात बाटली, मानेत चिरेच्या खालपर्यंत स्टीलचा डबा, दुसऱ्या मनगटातून पंपाची नळी. सूट फुगवून शिवणींवर साबणाचं पाणी फिरवलं. डाव्या गुडघ्यामागे बारीक बुडबुड्यांची रांगच आली. उलटून पाहिलं तर शिवणीवरची टेप तिथे उचकटलीय. खडूने खूण करून ठेवलीय. पितळी झिप जड चालत होती, दातांवर बाहेरून मेण चोळल्यावर सुधारली.

नवा सील मागवलाय. अडलंय ते चिकटवण्यापाशी. बोहरी आळीत विचारलं तर चपलांच्या सोलचं सोल्यूशन दाखवतात. ते चालेल का? आणि या पावसाळी हवेत चिकटवावं की थांबावं? पाण्यात मान उघडी पडली तर जिवाशी गाठ आहे, म्हणून ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १:
सोलचं सोल्यूशन नको. ते टेकलं की धरतं, सरकवायला वाव मिळत नाही आणि एक सुरकुती राहिली की तिथूनच पाणी शिरतं. अ‍ॅक्वासीलसारखा युरेथेनचा गोंद ऑनलाइन मागवा. तो हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्याची काळजी नको. कापड तेवढं आतून-बाहेरून कोरडं हवं. जुना सील हेअर ड्रायरने कोमट करत सावकाश सोला, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग मानेच्या जागी बसेल असा गोल डबा आत घाला, कापडाच्या कडेला गोंद लावून त्यावर सील चढवा आणि रात्रभर हलवू नका. गुडघ्यामागे आतल्या बाजूने त्याच गोंदाचा पातळ थर द्या, उचकटलेल्या टेपच्या कडांच्या थोडा पुढेपर्यंत.

प्रतिसाद २ (धागाकर्ता):
मनापासून आभार! नवा सील गळ्याला फार आवळला तर लगेच कापू का?

प्रतिसाद ३:
आधी रात्रभर मोठ्या पातेल्यावर ताणून ठेवा. तरी आवळला तरच कापा, एका वेळी एकच कडं, धारदार कात्रीने, एका दमात. कड दातेरी राहिली की तिथूनच फाटत जातं. आणि निघायच्या आधी सगळं चढवून खडकवासल्याकडे नव्हे, टाकीत नाहीतर पोहण्याच्या तलावात उभं राहून बघा. मात्र पुण्याच्या उकाड्यात आत घामच इतका येतो की सूट गळतोय असं वाटतं. म्हणून मानेखाली आणि गुडघ्याजवळ आतले कपडे बाकीच्यापेक्षा जास्त ओले आहेत का, ते पाहा.